रात्री एकचा फोन आणि सकाळी आठची मॅच: टीन बायबल क्विझ नॅशनल्सच्या वेळापत्रकाचं एक प्रकरण

प्रश्न असा होता. बायबलच्या पाठांतरावरचा खेळ, बायबल क्विझ, त्याच्या नॅशनल टूर्नामेंटचा पहिला दिवस, पहिली मॅच सकाळी आठला, आणि आदल्या रात्री एक वाजता फोन येतो की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक टीम अजून शिकागोच्या विमानतळावरच अडकून बसलीय, वर गडगडाटी वादळ आहे, आणि विमान सुटलं तरी पहाटेच पोचेल. चोवीस टीम, आठ खोल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाचे अकरा स्लॉट, सगळे कागद छापून भिंतीवर लावून झालेले. आता त्या टीमच्या पहिल्या दोन मॅच हरल्या म्हणून लिहायच्या, का सगळा तक्ता हलवायचा?

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे क्विझिंगबद्दल बोलताना सगळे पाठांतराबद्दल बोलतात, कोचिंगबद्दल बोलतात, पण वेळापत्रकाबद्दल कोणी बोलत नाही, ते जणू ऑफिसचं काम. माझं मत अगदी उलट आहे. वर्षभर घासून आलेलं मूल शेवटच्या मॅचला कुठल्या अवस्थेत खुर्चीवर बसतं, हे अर्धंअधिक वेळापत्रक ठरवतं, आणि उरलेलं विमानाचं तिकीट.

आधी खेळ थोडक्यात, कारण आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेला नसणार. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात यूथ फॉर ख्राईस्टच्या तरुणांच्या मेळाव्यांतून हा प्रकार वाढला आणि मग एकेका पंथाने आपापलं रूप केलं. नाझरीन, असेंब्लीज ऑफ गॉड, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे. (यातली दोन नावं विदर्भातल्या लोकांना परकी नाहीत, अकोला-खामगावकडे अलायन्सचं काम जुनं आणि बुलढाणा-वाशिमकडे नाझरीनचं, वाशिमचं रेनॉल्ड्स हॉस्पिटल त्यांचंच. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे वचनं पाठ करणं हे मला अमेरिकेत येऊन शिकावं लागलं नाही, पण त्याची अशी मॅच होते हे मात्र इथेच पाहिलं.) ही टूर्नामेंट कुठल्या पंथाची ते इथे लिहीत नाही, गोष्टीला त्याची गरज नाही.

दरवर्षी नव्या करारातला एखादा भाग ठरतो. त्या वर्षी प्रेषितांची कृत्ये होतं. अठ्ठावीस अध्याय, हजाराच्या आसपास वचनं. सहावी-सातवीपासून बारावीपर्यंतची मुलं शाळा सुरू झाली की पाठ करायला लागतात, महिन्या-दोन महिन्यांनी आसपासच्या चर्चच्या स्पर्धा, मग डिस्ट्रिक्ट, मग रीजन, आणि उन्हाळ्यात नॅशनल्स. आम्ही खेळतो त्या नियमांत दोन टीम समोरासमोर, एका वेळी चार-चार मुलं बसतात, वीस प्रश्न. खुर्चीवर वायर लावलेली पातळ गादी असते, तिला जंप सीट म्हणतात, मूल उठलं की दाब सुटतो आणि पुढच्या डब्यावर त्याचा दिवा लागतो. सगळ्यात आधी ज्याचा दिवा त्याचं उत्तर. आणि प्रश्न पूर्ण वाचून व्हायची वाट कोणी बघत नाही. क्विझमास्टरने, म्हणजे प्रश्न वाचणाऱ्याने, तीन-चार शब्द उच्चारले की चांगली मुलं उठतात, खो-खोत पाटीवर बसलेला खेळाडू खो मिळायच्या आधीच कसा अर्धा उठलेला असतो तशी, आणि उठल्याक्षणी वाचन थांबतं. आता तीस सेकंदांत उरलेला प्रश्न स्वतः पूर्ण करायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं. चार बरोबर आले की तो क्विझर मानाने बाहेर, त्याला क्विझ-आऊट म्हणतात. तीन चुकले की एरर-आऊट, तेव्हाही बाहेरच, पण मान खाली.

म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर आहे, किती लवकर उठायचं. पाठांतर तर नॅशनल्सला आलेल्या सगळ्यांचंच असतं. फरक पडतो तो अर्ध्या सेकंदाच्या निर्णयाने, आणि झोप न झालेल्या मेंदूत आधी बिघडतो तो हाच निर्णय. वचन आठवतं, पण थांबायचं कुठे हे कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच सगळं आहे.

आता तक्ता कसा बांधला होता.

टूर्नामेंट ओहायोमधल्या एका कॉलेजच्या कॅम्पसवर, जूनच्या शेवटी, कारण तेव्हा हॉस्टेलं रिकामी असतात आणि वर्ग फुकट मिळतात. चोवीस टीम. पालकांचा दरवर्षीचा आग्रह असतो की प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावं, तेच खरं न्यायाचं. हिशोब करून बघा. चोवीस गुणिले तेवीस भागिले दोन, 276 मॅच. आठ खोल्यांत एका वेळी आठ, म्हणजे पस्तीस स्लॉट, अर्ध्या तासाचा एक धरला तर साडेसतरा तास, आणि एकेका टीमला तेवीस मॅच. शक्यच नाही. (हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा बाजूला बसलेला एक मुलगा वहीतून मान वर न काढता म्हणाला, कृत्ये सत्तावीस, वचन सदतीस. पौलाच्या जहाजावर बरोबर 276 माणसं होती, जे मिलिता बेटापाशी फुटलं ते जहाज. या मुलांच्या डोक्यात काय काय बसलेलं असतं बघा.)

म्हणून पूल. आठ-आठ टीमचे तीन पूल, अ, ब, क. पूलमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाशी, सात मॅच. एका पूलच्या अठ्ठावीस, तिन्हीच्या मिळून चौऱ्याऐंशी. जोड्या लावायची पद्धत जुनीच, एक नंबर जागेवर ठेवायचा आणि बाकी सात गोल फिरवायचे, पहिल्या फेरीत एक-आठ, दोन-सात, तीन-सहा, चार-पाच, मग सगळे एक घर सरकतात. सात फेऱ्यांत सगळ्या जोड्या होतात, एकही दोनदा येत नाही. या पद्धतीचा एक गुण लोक विसरतात, तो म्हणजे फेऱ्या एकमेकांवर अवलंबून नसतात, पाचवी आधी घेतली आणि पहिली शेवटी तरी काही बिघडत नाही. त्या रात्री हाच गुण कामाला आला.

एका पूलच्या फेरीला चार खोल्या लागतात, आपल्याकडे आठ, म्हणजे एका स्लॉटला दोन पूल खेळणार आणि एक बसणार. अ-ब, मग ब-क, मग क-अ, परत अ-ब, असं चक्र. यात प्रत्येक टीमला दोन मॅच लागोपाठ आणि मग अर्धा तास विश्रांती अशी लय मिळते, जी मुलांना खरंच मानवते. दहा स्लॉट झाले की अ आणि ब च्या सातही मॅच संपतात, क ची एक उरते, ती अकराव्या स्लॉटला. म्हणजे अकराव्या स्लॉटला चार खोल्या रिकाम्या. त्या मुद्दाम कोणी ठेवल्या नव्हत्या, हिशोबातून आपोआप उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निकालावरून तीन थर, वरचे आठ, मधले आठ, खालचे आठ, आणि परत पूलसारखंच. वरच्या थरात जायला प्रत्येक पूलमधले पहिले दोन, आणि तिसऱ्या नंबरवाल्या तिघांपैकी गुणांवर दोन. तिसऱ्या दिवशी वरच्या आठांची डबल एलिमिनेशन, दोनदा हरलं की बाहेर. त्यात चौदा मॅच होतात, फायनलला उलटफेर झाला तर पंधरा.

कागदावर हे सुंदर दिसत होतं. आठला सुरू, आठ स्लॉट झाले की बरोबर बाराला जेवण, सव्वाला परत, पावणेतीनला सगळं संपणार. पण यात मोकळा वेळ कुठेच नव्हता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मॅच अर्ध्या तासात होते हे खरं, पण चॅलेंज आलं तर? चॅलेंज म्हणजे कोच उठून म्हणतो की हे उत्तर ग्राह्य धरायला हवं होतं किंवा नको होतं, मग पुस्तक उघडा, दोन्ही बाजू ऐका, निर्णय द्या. बरोबरी झाली तर एकविसावा प्रश्न, बाविसावा. एका खोलीत पाच मिनिटं वाढली की तिथली टीम पुढच्या खोलीत पाच मिनिटं उशिरा, मग ती खोलीही उशिरा. स्लॉटला सरासरी पाच मिनिटं धरली तरी जेवणापर्यंत चाळीस मिनिटं गेली. आणि कॉलेजचं डायनिंग हॉल दीडला बंद होतं, ते कोणासाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट खोलीतल्या माणसांची. प्रत्येक खोलीला क्विझमास्टर, गुण लिहिणारा, आणि वेळ आणि नियम बघणारा असे तिघं तरी हवेत, आठ खोल्यांना चोवीस माणसं. सोपा उपाय म्हणजे जो पूल बसलेला आहे त्याचे कोच क्विझमास्टर म्हणून वापरायचे, आठ टीम, आठ कोच, हिशोब चपखल बसतो. बऱ्याच ठिकाणी असंच करतात. मला तो उपाय अजिबात पटत नाही, कारण मग कोचला दिवसभरात आपल्या मुलांशी बोलायला एक मिनिटही मिळत नाही, आणि दोन मॅचमधला तो अर्धा तासच खरं तर कोचिंगचा असतो, कोण घाबरलाय, कोण उगाच घाईने उठतोय, कोणाला नुसतं पाणी आणि केळं हवंय. आमच्याकडे यावेळी जुने क्विझर बोलावले होते, आता कॉलेजात असलेले, पाच-सहा वर्षं या खुर्च्यांवर बसलेले, आणि ते इतके छान क्विझमास्टर निघाले की विचारू नका. स्पष्ट वाचतात, आणि मूल उठलं की त्याच अक्षरावर थांबतात.

आता तिकिटं. उशिरा आलेली टीम म्हणजे आमचीच, वॉशिंग्टन राज्यातली, आणि त्यात माझा मुलगा. मी आधीच कॅम्पसवर होते कारण वेळापत्रकाच्या टेबलावर मदतीला नाव दिलं होतं. टीमच्या तिकिटांचा विषय मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये झाला होता. सिएटलहून ओहायो, मध्ये शिकागोला विमान बदलायचं. दोन पर्याय, टूर्नामेंटच्या दोन दिवस आधी निघायचं, म्हणजे एक रात्र जास्त, आणि ती रात्र हॉस्टेलच्या पॅकेजात नाही, हॉटेलचा खर्च वेगळा, किंवा आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री पोचायचं. पैसे कार वॉश आणि पॅनकेक ब्रेकफास्ट करून जमवलेले, आणि दोन कुटुंबं अशी की त्यांना आहे तेच जड जात होतं. आदल्या दिवसाची तिकिटं काढली. यात कोणाला दोष देता येत नाही, मी त्या बैठकीत असते तर मीही तेच म्हटलं असतं, कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की आपण कुठल्या पूलमध्ये आणि पहिली मॅच किती वाजता. ड्रॉ निघाला टूर्नामेंटच्या दोन आठवडे आधी. आम्ही अ पूलमध्ये. अ म्हणजे पहिलाच स्लॉट, सकाळी आठ, आणि ओहायोचे आठ म्हणजे आमच्या मुलांच्या शरीराचे पाच. क मध्ये असतो तर साडेआठ. वादळ नसतं तरीही पूर्वेकडच्या टीमसाठी जी साधी सकाळ ती आमच्यासाठी पहाटेची मॅच होती. ड्रॉ काढताना चिठ्ठ्या टाकल्या, अगदी प्रामाणिकपणे, पण चिठ्ठीला टाइम झोन कळत नाही.

तर रात्री एकचा फोन. फोनवर आमचे कोच, आवाज शांत, मागे लाऊडस्पीकरची घोषणा चालू. टूर्नामेंटच्या डायरेक्टर बाई तोपर्यंत जाग्याच होत्या. त्यांनी पहिल्यांदा वेळापत्रकाचं काहीच विचारलं नाही. विचारलं की उतरल्यावर गाडी कोण चालवणार. कोच म्हणाले मीच, व्हॅन बुक केलीय. बाई म्हणाल्या नाही, तुम्ही पहाटे साडेतीनला उतरून, रात्रभर जागून, पाच मुलं घेऊन तासभर गाडी चालवायची नाही, आमची माणसं दोन गाड्या घेऊन येतील. आणि खरंच दोन स्वयंसेवक उठून गेले. या प्रकरणातला मला सगळ्यात योग्य वाटलेला निर्णय हाच.

मग तक्ता. मी म्हटलं मी आता या टेबलावर बसणार नाही, माझा मुलगा त्या टीममध्ये आहे, तक्ता समजावून सांगते पण काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाई बरं म्हणाल्या, आणि मी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. पर्याय तीन होते.

पहिला, फोरफिट. नियमात बसतं, ठरल्या वेळी टीम हजर नसेल तर मॅच गेली. मुलांना थोडी झोप द्यायची तर दोन मॅच गेल्या असत्या, स्लॉट एकची आणि तीनची, आणि सातपैकी दोन गेल्या की वरचा थर जवळपास गेलाच. शिवाय समोरच्या टीमला न खेळता मिळालेला विजय, ज्यात त्यांच्या मुलांना वैयक्तिक गुण काहीच नाहीत, आणि वैयक्तिक क्रमवारीसाठी झटणारा मुलगा समोर असेल तर त्यालाही ते नकोच असतं.

दुसरा, अ पूलची पूर्ण पहिली फेरी उचलून अकराव्या स्लॉटला न्यायची, तिथे नेमक्या चार खोल्या रिकाम्या आहेत. सगळ्या आठ टीमना सारखाच बदल, कोणाला वेगळी वागणूक नाही, आणि आठही टीमना तासभर जास्त झोप. पण दुपारी आठही टीमना नऊ-दहा-अकरा असे तीन स्लॉट सलग, आणि स्लॉट तीनचा प्रश्न सुटत नाहीच.

तिसरा, फक्त आमच्या दोन मॅच हलवायच्या, एक अकराव्या स्लॉटच्या रिकाम्या खोलीत आणि दुसरीसाठी बारावा स्लॉट नवीन उघडायचा. बाकी एकवीस टीमच्या कागदाला हात नाही. पण त्या दोन प्रतिस्पर्धी टीमवर भार येतो, एकीला तीन सलग, दुसरीला सगळे संपल्यावर थांबून एक मॅच. आणि आमच्या मुलांना नऊ, दहा, अकरा, बारा, चार मॅच एकापाठोपाठ.

बाईंनी तिसरा घेतला, पण त्या दोन टीमच्या कोचना विचारून. सकाळी सहाला त्या स्वतः दोघांच्या दारावर गेल्या. एक कोच लगेच हो म्हणाले, आम्हाला खेळायचंय, फुकटचा विजय नको. दुसऱ्या कोच बाई थोडा विचार करून म्हणाल्या की चालेल, पण बाराव्या स्लॉटच्या आधी दहा मिनिटं सक्तीचा ब्रेक द्या, आमच्या मुलांसाठी नाही, त्यांच्यासाठी, त्यांची ती चौथी सलग मॅच असेल. मला हे नंतर कळलं. आजही त्या बाई भेटल्या की मी आधी जाऊन त्यांचा हात हातात घेते.

मला स्वतःला दुसरा पर्याय आणि तिसरा यांचं मिश्रण बरं वाटलं असतं, स्लॉट एकची सगळी फेरी हलवायची आणि तीनची एकच मॅच, कारण तीन सलग खेळायचा भार मग एका टीमवर न पडता आठांत वाटला गेला असता. पण रात्री दीड वाजता सात टीमचा दिवस बदलायचा, त्यांना सहाला उठवून सांगायचं, कागद परत छापायचे, आठ क्विझमास्टरना परत कळवायचं, यात एखादी खोली चुकणार हे जवळपास नक्की होतं. कमीत कमी कागद हलवायचे हा बाईंचा विचार होता आणि तो त्या रात्रीपुरता बरोबरच होता.

मुलं पाचला कॅम्पसवर आली. बूट न काढता आडवी झाली. पावणेनऊला उठवलं, साडेनऊला स्लॉट चार.

आणि पहिली मॅच जिंकली! दुसरी पण. थकलेली मुलं सकाळी बरी खेळतात, हे नंतर इतर कोचनीही सांगितलं, अंगात एक जोर असतो तोवर. तिसरी हरली थोडक्यात. तोपर्यंत सगळ्या खोल्या मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं मागे पडल्या होत्या, ज्याची भीती होती तेच, आणि जेवणाची वेळ ओढून लहान करावी लागली कारण डायनिंग हॉल. आमच्या मुलांपैकी दोघं जेवलीच नाहीत, टेबलावर डोकं ठेवून झोपली. स्लॉट नऊ सव्वाऐवजी पावणेदोनला सुरू झाला. एक जिंकली, एक हरली. अकरावा स्लॉट जिंकला, कसा ते देवालाच माहीत.

बारावा स्लॉट साडेतीनच्या पुढे. बाकी सगळा कॅम्पस मोकळा झालेला, त्यामुळे त्या एका खोलीत उभं राहायला जागा नाही इतकी गर्दी. आमची कॅप्टन, अकरावीतली मुलगी, त्या वर्षी तिचं कृत्ये इतकं पक्कं होतं की घरी कोणीही कुठलंही वचन अर्धं म्हणावं आणि तिने पुरं करावं. आता कृत्येमध्ये एक प्रसिद्ध फसवी जागा आहे. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, प्रकाश दिसतो ती गोष्ट तीनदा येते, नवव्या अध्यायात लेखक सांगतो, बाविसाव्यात पौल स्वतः यरुशलेमात जमावाला सांगतो, सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे सांगतो. तिन्ही ठिकाणी "शौला, शौला, माझा छळ का करतोस" आहे, तिन्ही ठिकाणी तो विचारतो तू कोण आहेस. पण "नासोरी येशू" असं उत्तर फक्त बाविसाव्यात आहे. म्हणून सगळ्या टीमचा नियम असतो की शौल, वाट, प्रकाश असं काही ऐकलं की उठायचं नाही, अजून दोन शब्द ऐकायचे, कुठला अध्याय ते कळू द्यायचं. सकाळी स्लॉट चारला असाच एक प्रश्न आला होता आणि ती थांबली होती, पूर्ण दोन शब्द, पाय थरथरतायत पण बसलेली, मग उठली आणि वीस गुण घेतले. स्लॉट बाराला अठराव्या प्रश्नाला क्विझमास्टरने "प्रभो, तू कोण आहेस" एवढंच म्हटलं आणि तिचा दिवा लागला. चेहऱ्यावर लगेच दिसलं की तिला कळलंय. तीस सेकंद उभी राहिली, नवव्या अध्यायाचं उत्तर दिलं. प्रश्न बाविसाव्याचा होता. तिची तिसरी चूक, एरर-आऊट. मॅच दहा गुणांनी गेली.

समोरच्या टीमच्या मुलींनी मॅच संपल्यावर तिला मधे घेऊन प्रार्थना केली, ते बघून मी बाहेर व्हरांड्यात गेले.

हिशोब असा झाला, सातपैकी चार जिंकल्या. पूलमध्ये तिसरा नंबर. आणि तिन्ही तिसऱ्यांमध्ये गुण सगळ्यात कमी, म्हणजे मधला थर. ती एक मॅच जिंकली असती तर वर. दुसऱ्या दिवशी, पूर्ण झोपून, मधल्या थरात ही मुलं एकच मॅच हरली, आणि कॅप्टन तीनदा क्विझ-आऊट झाली. पाठांतर रात्रीत वाढलं नव्हतं, तेच होतं.

यानंतर जी चर्चा झाली ती मला महत्त्वाची वाटते. काही पालकांचं म्हणणं होतं की वादळ हे वादळ, त्याला कोण काय करणार, आणि उशिरा येणाऱ्याला इतकं सांभाळून घेतलं हेच खूप. ते खरंच आहे, सांभाळून घेतलंच. पण वादळाने फक्त रात्र घेतली. चार सलग मॅच तक्त्याने दिल्या, कारण तक्त्यात श्वास घ्यायला जागा फक्त एका टोकाला होती. जेवणानंतर दहाव्या स्लॉटच्या पुढे एक स्लॉट पूर्ण रिकामा ठेवला असता तर त्या चार सलग मॅच दोन-दोन अशा तुटल्या असत्या, आणि त्याच स्लॉटमध्ये सकाळची चाळीस मिनिटंही जिरली असती, म्हणजे ज्या टीमना वादळाशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही घाईघाईत जेवावं लागलं नसतं. अर्धा तास जास्त लागला असता, बस. प्रत्यक्षात तो अर्धा तास आणि वर थोडा आणखी गेलाच, फक्त कोणाच्या उपयोगाला न येता गेला.

आणि तिकिटांचं. स्वस्त तिकीट का घेतलं असं गरीब टीमला विचारायचं असेल तर आधी त्यांना सांगायला हवं की तुमची मॅच कधी आहे. ड्रॉ दोन आठवडे आधी आणि तिकिटं तीन महिने आधी, हा क्रमच उलटा आहे. मी हे बैठकीत उभं राहून सांगितलं, आणि थोडी रडलेही, पण सांगितलं.

डायरेक्टर बाईंनी मुकाट्याने सगळं लिहून घेतलं. पुढच्या वर्षीचा ड्रॉ रीजनल संपल्या संपल्या निघाला, तिकिटं काढायच्या आत. टीमची नावं अजून ठरली नव्हती तिथे फक्त रीजन आणि नंबर लिहिला, तेवढंही पुरतं. दोन किंवा जास्त टाइम झोन ओलांडून येणाऱ्या टीम क पूलमध्ये, आणि वेळा अशा लावल्या की क ची पहिली मॅच साडेनऊला. पूल समतोल राहावेत म्हणून आधी रीजनच्या निकालावरून ताकदीचे गट केले आणि मग प्रवास बघितला, त्यामुळे कोणाला अवघड पूल मिळाला अशी तक्रार आली नाही. दहाला पंधरा मिनिटं आणि जेवणानंतर एक पूर्ण स्लॉट, तक्त्यावर ठळक अक्षरात "रिकामा", आणि सूचना अशी की तिथे आधीपासून काही घालायचं नाही, दोन मॅच लागोपाठच्या वर कोणावर आली तरच वापरायचा. हॉस्टेल आदल्या रात्रीऐवजी दोन रात्री आधीपासून उघडं, त्या जादा रात्रीचे पैसे सगळ्या टीमच्या फीमध्ये थोडे-थोडे वाटून, जवळच्या टीमनीही दिले, एकाही टीमने हरकत घेतली नाही.

आमची तिकिटं यावेळी दोन दिवस आधीची आहेत. कॅप्टन बारावी संपवून गेली, पण नव्या वर्षी तिने अर्ज केलाय, क्विझमास्टर म्हणून.